दाजींच्या गळ्यातली झील

"मामा, तुमच्या शब्दांना काही झालेलं नाही," नसीम मुजावर म्हणाली. "गेलाय तो नुसता नाद."

मिरजेच्या त्या कंठ-केंद्रात समोर बसलेल्या तायाप्पा गोरडनं बायकोकडं पाहिलं. त्याला विचारायचं होतं, पण विचारायला गळा नव्हता. सहा महिन्यांपूर्वी गाठीसकट सगळा कंठच काढून टाकला होता. आता श्वास मानेच्या बुडाशी ठेवलेल्या भोकातून यायचा-जायचा, आणि त्यावर हौसाबाईनं पांढऱ्या मलमलीचा रुमाल बांधलेला असायचा.

"म्हंजी काय म्हनायचं, ताई?" त्याच्या वतीनं हौसाबाईनं विचारलं.

नसीमनं टेबलावरचा प्लॅस्टिकचा कंठ उचलला. ती वाचा-उपचार करणारी, तिशीतली, सावकाश बोलणारी. "हे बघा. हा मुळात राखणदार. घास आला की दार लावायचं, श्वास आला की उघडायचं. बेडकाच्या गळ्यात तेच काम, मेंढीच्या गळ्यात तेच, वाघाच्याही तेच. आवाज काढणं ही त्याची नंतरची हौस. दाराला दोन पडदे आहेत. गवताचं पातं दोन अंगठ्यांत धरून फुंकलं की कसं वाजतं, तसे हे श्वासानं थरथरतात. पाखरांचं तेवढं निराळं, त्यांचं वाजतं ते खाली छातीत, श्वासनळीला फाटे फुटतात तिथं. पण पडद्यातनं निघतो तो नुसता नाद. त्याचे शब्द होतात ते जीभ, ओठ, टाळू, दात यांच्यात. आणि ते मामांचे सगळे जागेवर आहेत."

हौसाबाई म्हणाली, "म्हंजी लोकर सरली. माग शाबूत हाय."

नसीम हसली. पुढं वर्षभर ती प्रत्येक रोग्याला हेच वाक्य सांगणार होती.

*

गोरडांचा वाडा म्हणजे विटामातीचा नव्हे. धनगराचा वाडा म्हणजे रानात उतरलेला तळ: जाळी, घोडी, कुत्री, कोकरांची डालगी, आणि दीडशे मेंढरं. माणदेशातून दिवाळी झाली की तो निघायचा, घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाआधी परत यायचा. चालायची एक रीत होती. बायका सामानाची घोडी घेऊन पुढं जायच्या, तळ मांडायच्या, चूल पेटवायच्या. मेंढरं हाकायची पुरुषांनी, मागनं. त्यामुळं कोकरं हौसाबाईची हाक ओळखायची, पण चालता कळप ओळखायचा तो तायाप्पाची.

आता ती हाक नव्हती. शीळसुद्धा गेली, कारण वारा तोंडातून जाईच ना. त्यानं काठी आपटून पाहिली, पत्रा वाजवून पाहिला. कुत्र्यांना कळलं. मेंढरांनी मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

एका कंपनीची माणसं येऊन गेली. मेंढीच्या गळ्यात बांधायच्या पट्ट्या त्यांनी दाखवल्या. उपग्रहावरून रानात रेघ मारायची. मेंढी रेघेशी आली की पट्टी टिकटिकते, पुढं गेली तर झटका देते. "हाक मारायची गरजच नाही, काका." तायाप्पानं चांदीच्या, म्हणजे त्याच्या म्होरक्या मेंढीच्या, गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

एकच लेक, ती फलटणकडं दिलेली. दुसरं माणूस नाही. या दिवाळीला कळप घाटात हाकता आला नाही तर विकायचा, हे नवराबायकोत बोलून झालं नव्हतं, पण ठरलं होतं.

म्हणून मिरज. म्हणून गळपट्टी.

कातड्याच्या रंगाची, चार बोटं रुंद पट्टी हनुवटीखाली चिकटवायची. माणूस बोलायला निघाला की मेंदू आधी जीभ-जबड्याच्या स्नायूंना निरोप धाडतो. पट्टी तो निरोप वरच्या वर वाचते आणि गळ्याशी बसवलेल्या बारक्या स्पीकरमधून बोलते. तेही त्या माणसाच्याच जुन्या आवाजात. फक्त तिला तो आवाज आधी शिकवावा लागतो.

"जुनं रेकॉर्डिंग हवं," नसीमनं सांगितलं होतं. "बोलण्याचं असलं तर उत्तम. लांब स्वर असले की पट्टी लवकर शिकते."

बोलण्याचं रेकॉर्डिंग कोण करून ठेवतं? हौसाबाईच्या जुन्या फोनमध्ये एकच होतं. बिरोबाच्या जत्रेतली ओवी. ढोलाच्या घाईत, भंडाऱ्याच्या धुरळ्यात, पाऊण तास. तिनं तेच देऊन टाकलं.

*

पट्टी बसवली त्या दिवशी केंद्राच्या अंगणात कडुलिंबाखाली तिघं बसली होती.

"बोला मामा. काहीही."

तायाप्पानं ओठ हलवले. सहा महिने नुसते हलत होते, तसेच.

"हौसा, पानी दे."

आवाज आला. स्वच्छ, भरदार, शेवटाला किंचित लांबणारा. हौसाबाईच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी तिच्या पायांवर गेलं.

"म्हाकू?" ती म्हणाली.

तायाप्पानं गळ्यावर हात दाबला, जणू आत कुणी शिरलंय.

नसीमला काही कळेना. हळूहळू कळलं ते असं. धनगरी ओवी एकट्याची नसते. पुढला ओळ टाकतो, मागला तिचं शेपूट झेलतो, लांबवतो, फिरवतो, आणि तेवढ्यात पुढला श्वास घेऊन दुसरी ओळ जुळवतो. त्याला झील धरणं म्हणायचं. पुढला तायाप्पा. मागला म्हाकू, हौसाबाईचा पाठचा भाऊ. तीस वर्षं दोघांनी अशी ओवी गायली, इतकी की कुणाचा आवाज कुठं संपतो ते ऐकणाऱ्याला सांगता येत नसे. पट्टीला हवे होते लांब स्वर. लांब स्वर सगळे म्हाकूचे. तायाप्पाच्या आखूड, ठोक्यावरच्या ओळी ढोलाखाली दबलेल्या. यंत्रानं रोगी म्हणून म्हाकूला धरलं.

"मला वाटलं एकच माणूस गातोय," नसीम ओशाळून म्हणाली.

"ओवी येकट्याची असती व्हय कधी?" हौसाबाई म्हणाली.

नसीमनं त्या रेकॉर्डिंगमधून तायाप्पाचा आवाज उपसून काढायचा आठवडाभर प्रयत्न केला. निघाला तो निम्मा ढोल होता. मग तिनं नीट समजावलं. "दुसऱ्याचा आवाज वापरायचा तर त्याची संमती लागते, मामा. कायदाच आहे. ज्याचा कंठ, त्याचा हक्क. तीस दिवसांत त्यांनी स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं तर हा आवाज तुमचा. नाहीतर तो आपोआप पुसला जाईल. मग आमच्याकडचा तयार आवाज देता येईल."

तिनं तयार आवाज ऐकवला. शुद्ध, गुळगुळीत, बातम्या सांगणारा. हौसाबाईनं तोंडाला पदर लावला. "ह्यो मेंढरास्नी काय सांगनार? हवामान?"

तायाप्पा हसला नाही. म्हाकूच्या आवाजात तो एवढंच म्हणाला, "त्येला इचारायचं न्हाई."

*

पाच वर्षांपूर्वी घाटात धुकं दाटलं होतं. दोघांचा कळप एकत्र होता, तीनशेवर मेंढरं. वळणावर कळप फुटला. तायाप्पा पुढं, म्हाकू मागं. पुढून तायाप्पा ओरडत होता, "म्हाकू, हाक दे! हाक दे रं!" मागून आवाज नाही. धुकं उठलं तेव्हा बावीस कोकरं दरीत गेलेली. म्हाकू कड्याच्या टोकाशी दगडासारखा उभा, तोंड मिटलेलं.

तायाप्पा सगळ्या वाड्यांसमोर बोलला होता, "तुझ्या गळ्याला कीड लागली. आजपास्नं माझ्यापुढं त्वांड उघडू नगंस."

म्हाकूनं उघडलं नाही. तळावर पोचल्यावर मेंढरं वाटून घेतली, तीही बोटांनी दाखवून. त्यानंतर तो बहिणीकडं भाऊबीजेला आला नाही. जत्रेत कुणी ओवीला बसवलं तर उठून जायचा, असं लोक सांगायचे.

*

मिरजेहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तायाप्पानं माळावर जाऊन पट्टीचा आवाज पूर्ण वाढवला आणि हाक दिली. "हुर्र्ऱ... या या या!"

चांदीनं मान वर केली. कान पुढं झाले. चांदी आता म्हातारी, कळप एकत्र असतानाची. तिच्या वयाच्या दहा-बारा होत्या. त्या वळल्या, आणि त्यांच्यामागं तरण्या वळल्या. दीडशे मेंढरं उतारावरून पाण्यासारखी वाहत त्याच्या पायाशी आली.

कळप वाचला होता. तायाप्पाला रडू यायला हवं होतं. आला तो राग. आपल्या मेंढरांनी आपलं कधीच ऐकलं नव्हतं की काय? इतकी वर्षं ती म्हाकूच्याच हाकेला येत होती?

घरात निराळंच. त्यानं चहा मागितला की हौसाबाई दचकायची. एकदा तिनं कप ठेवला आणि समोर बसून हसत सुटली. "भावाला दिला का नवऱ्याला, माझं मलाच कळंना." हसता हसता डोळे पुसायला लागली. पाच वर्षं तो आवाज तिच्या उंबऱ्यात आला नव्हता. कधी ती उगाच कुठलातरी प्रश्न विचारायची. डाळ किती टाकू. जाळी कुठं बांधू. तायाप्पाला कळायचं की तिला उत्तर नको आहे, आवाज हवा आहे.

आणि एकदा दोरखंड सापडेना म्हणून तो तिच्यावर खेकसला. हौसाबाई ताठ उभी राहिली.

"माझ्या भावानं माझ्यावर कधी आवाज चढिवला न्हाई," ती म्हणाली. "त्येच्या गळ्यानं मला वरडू नगासा. वरडायचं तर आपल्या गळ्यानं वरडा."

तायाप्पानं पट्टी काढून खुंटीला अडकवली. दोन दिवस घरात आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाऊबीज. तीसातले सत्तावीस दिवस सरले होते. सकाळी हौसाबाईनं ताट काढलं. निरांजन, कुंकू, सुपारी, करंज्या. पाच वर्षं ती हे ताट मांडायची आणि चंद्राला ओवाळायची. यंदा तिनं ते फडक्यात बांधलं.

"भाऊ येत न्हाई तर भन जाती," ती म्हणाली. "आवाज ठेवायचा का नगं ते तुमचं तुमी बगा. मला माझा भाऊ बगायचाय."

तायाप्पानं खुंटीवरची पट्टी घेतली.

*

पूर्वी जिथं कुसळी गवत होतं, त्या माळावर आता कोसभर काचा उभ्या होत्या, सूर्याकडं तोंड करून. काचांखाली गवत माजतं, ते वणव्याला कारण होतं, म्हणून वीज कंपनीनं मेंढरं ठेवली होती. ती म्हाकूची. सगळ्यांच्या गळ्यात टिकटिकणाऱ्या पट्ट्या. कुत्रं नाही, काठी नाही, हाक नाही. म्हाकू एका खांबाच्या सावलीत फोन घेऊन बसलेला, बोटानं रेघा सरकवत.

बहीण दिसली तसा तो उठला. तिच्या पाया पडला. तायाप्पाकडं त्यानं पाहिलं, रुमालाकडं पाहिलं, आणि नजर वळवली.

"आक्का, ह्यास्नी सांग बसा म्हनावं. घोंगडं हाय."

"म्हाकू," तायाप्पा म्हणाला.

म्हाकूचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडं गेला. तो हळूहळू खाली बसला. हौसाबाईनं सगळं सांगितलं. गाठ, मिरज, जत्रेची ओवी, पट्टी, तीस दिवस. म्हाकू ऐकत राहिला. काचांवरून एक ढग सरकत गेला.

"म्हाकू, चुकलं माझं," तायाप्पा म्हणाला. "त्या दिशी बोललो ते चुकलं."

म्हाकूनं बहिणीकडंच पाहत म्हटलं, "आक्का, सांग ह्यास्नी. माझाच आवाज माझ्याकडंच माफी मागतोय. ही कुठली रीत? बोल्ले हुते ते कुनाच्या गळ्यानं? आपल्या. मग मागायचं बी आपल्याच."

"आरं, तो गळा ऱ्हायला न्हाई न्हवं!" हौसाबाई कळवळली.

तायाप्पानं हनुवटीखाली नख घातलं, पट्टी सोलून काढली आणि भाऊबीजेच्या ताटात, कुंकवाशेजारी ठेवली. म्हाकूच्या समोर येऊन तो मांडी घालून बसला. ओठ हलवले. रुमालाखालून नुसता वारा गेला.

तीस वर्षं म्हाकूनं या ओठांकडं पाहिलं होतं. ढोलाच्या दणक्यात पुढल्याचा शब्द कानाला कधीच लागत नाही. मागला तो ओठांवरून उचलतो. ओळ कुठं वळणार, कुठल्या अक्षरावर सुटणार, ते ओठ सुटायच्या आधी ओळखतो.

तायाप्पाचे ओठ विचारत होते: हाक का दिली न्हाईस?

आणि म्हाकू पाच वर्षांनी पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलला.

"मी दरीच्या पल्याड हुतो, दाजी. धुक्यात वाट चुकून वळणाच्या समोरल्या सुळक्यावर आल्तो. कळप ह्या अंगाला, मी त्या अंगाला, मदी दरी. मेंढरू हाकंच्या दिशेनं सरळ येतं. त्येला वळन कळत न्हाई. बावीस गेली. हाक दिली असती तर तीनशे माझ्याकडं आली असती. दरीतनं."

हौसाबाईनं पदर तोंडात धरला.

तायाप्पाचे ओठ हलले: मंग सांगितलं का न्हाईस?

"तुमीच म्हनला, त्वांड उघडू नगंस," म्हाकू साधेपणानं म्हणाला.

तायाप्पा खाली मान घालून कुसळं बोटांनी उपटत राहिला. मग त्याचा उजवा हात मांडीवर पडला. एकदा. दोनदा. ठेका. ढोलाचाच, पण सावकाश. त्यानं मान वर केली, आणि ओठ हलायला लागले. ही ओवी जत्रेतली नव्हती. कुणी कधी गायलेली नव्हती. तो ती तिथंच जुळवत होता, आवाजाशिवाय.

म्हाकू ओठांकडं पाहत होता. ओळ संपत आली. झील धरायची जागा आली आणि गेली. म्हाकूचं तोंड मिटलेलंच. तायाप्पानं ठेका सोडला नाही. तीच ओळ पुन्हा टाकली. हौसाबाईला ओठ वाचता येत नव्हते. ती भावाच्या गळ्याकडं पाहत होती. तिथं कंठमणी खाली गेला, वर आला.

"...जीभ घसरलीऽऽ" म्हाकूच्या गळ्यातून आलं.

आवाज गंजलेला होता. पट्टीतल्यापेक्षा म्हातारा, फाटका, पाच वर्षांची धूळ बसलेला. पण तो लांबला, फिरला, आणि त्यानं मागची अख्खी ओळ उचलून हवेत धरली:

"घाटाच्या धुक्यामंदी माझी जीभ घसरलीऽऽ"

तायाप्पाचे ओठ पुढं गेले. म्हाकू मागोमाग:

"तीस सालांची जोडी एका शबदात सरलीऽऽ"

इथं ओवी थांबायची. झील धरणारा स्वतःची ओळ कधी जोडत नाही. तो पुढल्याचा मान. तायाप्पाचा हात थांबला. म्हाकूचा मांडीवर पडला.

"धुकं गेलं उठून, वाट जाग्यावर उरलीऽऽ"

काचांखाली खसखस झाली. म्हाकूच्या कळपातल्या म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या होत्या. एक निघाली. रेघेशी येताच तिच्या गळ्यातली पट्टी टिकटिकली. ती थांबली नाही. म्हाकू धडपडत उठला, फोन उचलला आणि झटका बसायच्या आत रेघ पुसून टाकली. एकामागून एक त्या येऊन तिघांभोवती उभ्या राहिल्या आणि घोंगड्याचा वास घेऊ लागल्या.

हौसाबाईनं निरांजन लावलं. भावाला ओवाळलं. ताटात टाकायला म्हाकूकडं काहीच नव्हतं. त्यानं खिसे चाचपले, मग ताटातली पट्टीच उचलली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"संमती कशी देत्यात?"

हौसाबाईनं फोनवर नसीमला लावलं. "स्वतःच्या शब्दांत बोला, मामा," नसीम म्हणाली, "रेकॉर्ड होतंय."

म्हाकूनं घसा साफ केला. फोन तोंडाशी फारच जवळ धरला, जत्रेत माईक धरायचा तसा.

"मी म्हाकू सिदाप्पा खरात. माझा आवाज माझ्या दाजींनी वापरावा. मेंढरं बोलवावीत, बाजार करावा, लेकीला फोन करावा. आक्काला वरडायचं झालं तर पट्टी काडून ठेवावी. आनि ओवी..." तो थांबला.

तायाप्पा त्याच्याकडं पाहत होता.

"ओवी ह्यात गाऊ नये. ओवीला त्यांनी नुसते ओठ हलवावेत. मी हाय."

पलीकडून नसीम म्हणाली, "नोंद झाली."

म्हाकूनं पट्टी स्वतःच्या हातानं तायाप्पाच्या हनुवटीखाली बसवली, अंगठ्यानं कडा दाबल्या.

"बोला आता."

तायाप्पानं ओठ उघडले, मिटले. पाच वर्षं साठलेलं पुष्कळ होतं. पट्टी वाट पाहत होती.

"परवा वाडा निगतोय," म्हाकूच्या आवाजात तायाप्पा म्हणाला. "मागं कोन न्हाई."

म्हाकू वाकून जवळच्या मेंढीच्या गळ्यातली टिकटिकी सोडवू लागला.